सरांची गाडी मिसिंग करते

बारामतीतल्या एका डिप्लोमा कॉलेजात मी बावीस वर्षं इंजिन शिकवतो. शिकवतो म्हणजे फळ्यावर शिकवतो. फळ्यावरचं माझं इंजिन आजतागायत एकदाही बंद पडलेलं नाही. चार चौकोन काढले, चार बाण दाखवले की ते पहिल्या फटक्यात सुरू होतं आणि तास संपेपर्यंत धूर काढत नाही. खरं इंजिनही आहे आमच्याकडे, वर्कशॉपमध्ये. ते उभं कापून ठेवलेलं आहे, मुलांना आतलं दिसावं म्हणून. कापलेल्या इंजिनाचा मोठा फायदा असा, की ते चालेल अशी कुणाची अपेक्षाच नसते.

माझे वडील, म्हणजे आबा, एकदा हे वर्कशॉप बघायला आले होते. मी उत्साहानं त्यांना पिस्टन दाखवला, व्हॉल्व्ह दाखवले, रंगवलेल्या नळ्या दाखवल्या. त्यांनी सगळं नीट बघितलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चांगलं इंजिन हुतं की रं. कशापायी कापलं?" 

आबा कळंबचे. वालचंदनगरजवळचं गाव. ऊस, थोडी मका, दोन गाई आणि शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल, एवढा त्यांचा संसार. आई गेल्यापासून ते तिथं एकटेच राहतात. शाळा सातवीपर्यंत, पण इंजिनाचा कान असा, की विहिरींवर डिझेलची इंजिनं होती त्या काळापासून लोक त्यांना बोलवायला यायचे. ते हत्यार घेऊन जात नसत. नुसते जायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, "टॅपिट ढिल्लं झालंय," किंवा "हवा धरलीय." मग दुसरा कुणीतरी पाने घेऊन बसायचा. मला मात्र इंजिनातून आजवर एकच आवाज ऐकू आला आहे, तो म्हणजे इंजिनाचा.

यंदा पावसाळ्याच्या शेवटाला आबा गोठ्यात शेणावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ऑपरेशन झालं आणि तिथून त्यांना आमच्या घरी आणलं. पुढच्या खोलीत, पोर्चकडच्या खिडकीखाली त्यांचा पलंग लावला. हाड चांगलं जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, "आमचं काम झालं. आता यांना उभं करायचं, चालवायचं. आत्ता उठले नाहीत तर पायातली ताकद जाईल, आणि मग अंथरूण सुटणार नाही. कायमचं."

आबा उठेनात. व्यायाम घेणाऱ्या मॅडम एक दिवसाआड यायच्या, वॉकर पलंगाशी आणून ठेवायच्या, गोड बोलायच्या. आबा म्हणायचे, "उद्या बघू," आणि भिंतीकडं तोंड करायचे. दुखतंय म्हणावं तर तसंही सांगत नव्हते. जेवत होते, झोपत होते, भिंत बघत होते. मला भीती वाटायची. रात्रंदिवस कामात असलेला हा माणूस माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत संपत चालला होता, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

हातात काही नसलं की मास्तर माणूस तक्ता करतो. मीही केला. सकाळी सात वाजता घोट्याचे व्यायाम, साडेसातला पाणी, आठला पाय उचलणं. वेगवेगळ्या रंगांत छापून, लॅमिनेट करून पलंगासमोर लावला. शिवाय मी स्वतः येता-जाता आठवण करायचो. आबा, पाय हलवा. आबा, पाणी प्या. आबा, कुशीवर वळा. आबा "हां" म्हणायचे. कळंबचा सगळा कारभारही मी अंगावर घेतला. गाई शेजारच्या चुलत्यांकडं दिल्या. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, पाणी कधी सोडायचं, खत कुठलं टाकायचं, हे मीच फोनवर ठरवायला लागलो. ज्याला चार बाणांपलीकडं इंजिन कळत नाही, त्याला ऊस किती कळणार? पण आबांना त्रास नको, म्हणून हे फोन मी पोर्चमध्ये जाऊन करायचो, आणि आपण किती समजूतदार मुलगा आहोत असं वाटून घ्यायचो.

मग एक दिवस मला गाडी सुचली. गाडी आबांच्या जिवाभावाची. ती कळंबला शेडमध्ये सहा आठवडे उभी होती. आपण ती चालवत बारामतीला आणायची, थेट खिडकीखाली उभी करायची आणि हॉर्न मारायचा. आवाज ऐकून आबा उठून बसतील, डोळ्यांत पाणी येईल, वॉकर मागतील. बायकोला मी हा बेत सांगितला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हॉर्न मारायला गाडी कशाला आणायला पाहिजे?" तिला मानसशास्त्राची आवड नाही.

रविवारी सकाळी एसटीनं कळंबला गेलो. गाडीवरचं गोणपाट काढलं, चावी लावली आणि किक मारायला सुरुवात केली. आठवडाभराचा व्यायाम त्या अर्ध्या तासात झाला. चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, गोठ्याच्या दारात उभं राहून बघत होते. शेवटी गाडी सुरू झाली, पण कशी? दोन ठोके द्यायची, एक गिळायची. आमच्याकडं याला मिसिंग म्हणतात. गाडी मिसिंग करते, असं.

"काय झालं असंल?" तात्यांनी विचारलं.

असा प्रश्न मला विचारू नये, कारण मी उत्तर देतो. मी त्यांना सांगितलं, की हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं, गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पाणी तळाशी बसतं आणि कार्बोरेटरमध्ये जातं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इथेनॉल म्हंजी आपल्याच उसाचं न्हवं?"

"हो."

"मग आपल्याच गाडीला कसं काय बाधंल?"

यावर मी हेल्मेट घातलं.

जंक्शन नावाच्या गावाच्या अलीकडं गाडी पहिल्यांदा बंद पडली. आधी आचके दिले, मग जीव सोडला. पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडलं. सुस्स असा आवाज आला. आत बघितलं, पेट्रोल होतं. झाकण लावलं, दोन किका मारल्या, गाडी सुरू. मी मनात नोंद केली : जुन्या पेट्रोलची वाफ कोंडली होती, ती बाहेर पडली. स्वतःच्या निदानावर मी खूश झालो. लासुर्ण्यात ती पुन्हा बंद पडली. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा सुस्स, पुन्हा पेट्रोल होतंच. कचरा आला असणार, असं ठरवून मी कार्बोरेटरवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं दोन-तीन टोले मारले. गाडी सुरू झाली. आता माझ्याकडं दोन निदानं झाली होती, आणि दोन्ही बरोबर निघाली होती.

काटेवाडीत तिसऱ्यांदा बंद पडली, ती नेमकी एका गॅरेजसमोर. आतून हात पुसत जो माणूस बाहेर आला तो माझा जुना विद्यार्थी निघाला. माझ्या विषयात तो तिसऱ्या खेपेला पास झाला होता. त्यानं रस्त्यावरच वाकून नमस्कार केला, चहा सांगितला, गिऱ्हाइकांना ओळख करून दिली, "आमचे सर. इंजिन ह्यांनीच शिकवलं." मग टाकीचं झाकण उघडून पेट्रोल असल्याची खात्री केली, आणि पाना हातात घेऊन अदबीनं उभा राहिला.

"सर, तुमच्या मते काय असंल?"

मला वाटतं, हा आमच्या भागातला दोष आहे. गुरुजींच्या पुढं कुणी आपलं डोकं चालवत नाही. दिवसाला दहा गाड्या खोलणारा तो माणूस, पण मला विचारून मोकळा झाला. आणि चारचौघांत विचारल्यावर मी काय, माहीत नाही म्हणणार?

"प्लग," मी म्हणालो.

त्यानं प्लग बदलला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. "सर ते सर," तो गिऱ्हाइकांना म्हणाला. मी नम्रपणे मान हलवली आणि निघालो. त्या नव्या प्लगच्या जोरावर मी बारामतीच्या पहिल्या चौकापर्यंत पोचलो.

तिथून पुढं दोनदा थांबलो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती पूर्ण झोपली. पुन्हा किका मारायचं त्राण पायात नव्हतं. ढकलत आणली, घामाघूम होऊन खिडकीखाली उभी केली आणि ठरल्याप्रमाणे हॉर्न दाबला. सहा आठवडे उभ्या राहिलेल्या बॅटरीनं जेवढा काढता येईल तेवढा आवाज काढला. म्हातारी शेळी खोकावी तसा.

खिडकीतून आबांचा आवाज आला. "ढकलत आणलीस व्हय?"

"हो आबा. थोडी अडचण आहे. करतो दुरुस्त."

"हां," आबा म्हणाले. मी आत जाऊन बघितलं तर ते भिंतीकडं वळले होते.

झालं, आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता. इंजिन शिकवणाऱ्या माणसाची गाडी, आणि ती गॅरेजला नेऊन टाकायची? गल्लीतले लोक काय म्हणतील? मी कॉलेजातून आलो की पोर्चमध्ये बसायला लागलो. सोमवारी जुनं पेट्रोल सगळं काढून टाकलं आणि टाकी नवीन पेट्रोलनं काठोकाठ भरली. गाडी सुरू झाली, छान चालली, आणि काही मिनिटांतच बंद पडली. म्हणजे रस्त्यावर निदान काही मैल तरी जात होती, ती आता पोर्चमध्ये चहा होईपर्यंतही तग धरेना. चांगलं पेट्रोल घातल्यावर दुखणं वाढलं. असा रोगी मी पुस्तकात वाचला नव्हता.

मंगळवारी कार्बोरेटर खोलला. वर्तमानपत्र अंथरून एकेक भाग ओळीनं मांडला, फोटो काढले, जेट तारेनं साफ केले, सगळं पुन्हा बसवलं. एक स्क्रू उरला. तो कुठला हे फोटोतही दिसेना. तो मी खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली. सुरू झाली, चालली, बंद पडली. बुधवारी एअर फिल्टर. त्याआधी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातला मुलगा माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान असावा, पण आत्मविश्वासानं बोलत होता, म्हणून मी वहीत लिहून घेतलं. दर वेळी तेच. बंद पडली की मी टाकी उघडून आत डोकावायचो, सुस्स आवाज ऐकायचो, झाकण लावायचो, पुन्हा सुरू करायचो. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ फाटकावर हात ठेवून म्हणाले, "सर, प्रॅक्टिकल चाललंय वाटतं." मी हसलो. हसण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

गुरुवारी व्यायामाच्या मॅडम आल्या, आणि जाताना मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "सर, स्पष्ट बोलते. मांडीचं हाड हाताला लागतं, इतकी ती बारीक झालीय. माझ्या हातात आता थोडेच दिवस आहेत. ते उठायचं म्हणत नाहीत तोवर मी काही करू शकत नाही."

मी पोर्चमध्येच खाली बसलो. समोर गाडी, मागं खिडकी. दोन्हीकडं मला काही कळत नव्हतं. आबा आता असेच जाणार, हा विचार त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण केला. आजवर अर्ध्यावर सोडून देत होतो.

बायको चहा घेऊन आली. गाडीकडं बघत म्हणाली, "अहो, घरात जाणता माणूस आहे. त्यांना का नाही विचारत?"

"त्यांना कशाला आता त्रास?"

"त्रास त्यांना होईल, का तुम्हाला?"

ती आत निघून गेली. चहा तसाच राहिला. खरं सांगायचं तर तिनं अचूक जागी बोट ठेवलं होतं. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो. मला प्रश्न विचारायची सवय आहे, पण ती उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारायची, परीक्षेतले. उत्तर माहीत नाही म्हणून प्रश्न विचारायचा, आणि तोही आबांना, ज्यांनी सातवीनंतर शाळा सोडली आणि मला शिकवलं! पाच पावलांवर पलंग होता. तिथवर जायला मला अर्धा तास लागला.

आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"आबा," मी हाक मारली.

"हलवतोय पाय," ते तसेच म्हणाले. पांघरुणाखाली पाऊल दोनदा हललं.

 माझी हाक म्हणजे हुकूम, एवढंच या माणसाच्या वाट्याला मी ठेवलं होतं. नोकरीला लागल्यापासून जिभेवर बसवलेली शुद्ध भाषा त्या क्षणी कुठं गेली कुणास ठाऊक.

"पायाचं न्हाय म्हणत मी. गाडी लई मिसिंग करतीय आबा. चार दिस झालं खोलतोय. मला कायबी कळंना. काय करू?"

 त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"पैल्यांदा कुठं बंद पडली?"

"जंक्शनच्या अलीकडं."

"तवा टाकी किती हुती?"

"निम्मी असंल."

"आन् फुल्ल केल्यापासनं लवकर बंद पडतीया." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "टाकी उघडली की आवाज येतो का?"

"येतो की. सुस्स करून. वाफ भाईर पडती."

"भाईर पडती, का हवा आत जाती?"

 सक्शन हा शब्द मी फळ्यावर हजारो वेळा लिहिला असेल. हवा कुठून कुठं जाते, हाच माझा विषय. आणि माझ्या नाकाखाली चार दिवस जो आवाज होत होता तो आतला की बाहेरचा, हे बघायचं मला सुचलं नव्हतं.

"बघितलं न्हाय," मी म्हणालो.

"चल, बघू." आबांनी पांघरूण बाजूला केलं. "आण त्यो वॉकर."

"आबा, हितनंच सांगा की, मी बघून येतो."

"पडल्या-पडल्या गाडी दुरुस्त हुती व्हय?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी आबांना बसतं केलं. पाय खाली सोडले. वॉकर धरला. माझ्या तोंडात सूचनांची अख्खी माळ तयार होती, आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, नजर समोर, पण बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी ती गिळली.  आबा एकदा उठायला गेले आणि मागं बसले. ओठ घट्ट मिटले, पुन्हा जोर केला आणि उभे राहिले. मग एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मधे थांबले, दम घेतला. कपाळावर घाम आला होता. उंबऱ्याशी मी त्यांच्या कमरेला हात लावला, तो त्यांनी काढला नाही. पोर्चची एक पायरी उतरायला जो वेळ लागला, तेवढ्यात मी मनातल्या मनात पंधरा वेळा त्यांना पाडलं असेल. पण ते पडले नाहीत.

खुर्ची ठेवली होती, तिच्यावर बसले नाहीत. वॉकरवर भार देऊन गाडीच्या बाजूला उभे राहिले.

"लाव चालू."

लावली. त्यांनी मान तिरकी केली. सहा आठवड्यांत त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता. थोड्या वेळानं इंजिन आचके द्यायला लागलं आणि बंद पडलं.

"आता शर्टाचा एक दोरा काढ. झाकणाच्या फटीपाशी धर, आन् मग उघड."

मी बाहीचा एक सुटलेला दोरा ओढला, झाकणाशी धरला आणि चावी फिरवली. सुस्स. दोरा सरळ टाकीत ओढला गेला.

"हवा आत," आबा म्हणाले. "पेट्रोल खाली जातंय, वरनं हवा मिळंना. मग पेट्रोल बी अडतं. झाकणाला खालच्या अंगाला भोक असतंय बारीक. दाव हिकडं."

झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं, अंगठ्याच्या नखानं खरवडलं, नाकाशी नेलं.

"साबण," ते म्हणाले. पुन्हा वास घेतला. "चंदनाचा. टाकीच्या भोकात चंदनाचा साबण कुणी भरला?"

हे मी आधी सांगितलं नाही, कारण मलाच ते तेव्हा आठवलं. आबा पडले त्या दिवशी मी कळंबला धावत गेलो होतो. त्यांना भाड्याच्या जीपमध्ये घालून तात्यांबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि घर बंद करायला मागं थांबलो. मोटारसायकल शेडमध्ये घेतली. पाऊस चालू होता. इथेनॉल, दमट हवा, बाष्प, हे सगळं माझ्या डोक्यात होतंच. टाकी गळायला लागली की साबण दाबायचा, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे लहानपणी आबांकडूनच शिकलो होतो. टाकी गळत नव्हती, पण एवढ्या दोन ज्ञानांचा संगम झाल्यावर मी थोडाच गप्प बसणार! मोरीतला साबण घेतला आणि दमट हवा आत शिरू नये म्हणून ते भोक व्यवस्थित लिंपून टाकलं. काम इतकं चोख झालं होतं, की नंतर चार दिवस मी स्वतःच ते शोधत होतो, आणि दर वेळी टाकीत डोकावताना झाकण माझ्याच हातात होतं.

"मीच," मी म्हणालो.

आबा हसले. आवाज करून नाही, पण खांदे हलले. बायकोला तर पदर तोंडाला लावावा लागला. मी टाचणीनं भोक मोकळं केलं, झाकण लावलं, किक मारली. इंजिन लागलं आणि चालत राहिलं. आम्ही तिघं उभे राहून नुसते ऐकत होतो. आता मलासुद्धा फरक कळत होता.

"मला मंगळवारीच कळलं हुतं," आबा म्हणाले. "झाकण वाजलं की बरी चालायची. मग परत मिसिंग."

"मंगळवारी? मग बोलला का न्हाय?"

"तू इचारलंस कुठं?"

रागानं नव्हते म्हणाले. हवा आत, एवढ्याच सहजपणे म्हणाले. मग गाडीच्या हँडलवर एक हात ठेवून, माझ्याकडं न बघता पुढं बोलले.

"खोडव्याचं पाणीबी तसंच. हितं येऊन बोलतोस फोनवर. खिडकी हाय वर. समदं ऐकू येतं मला. आठ दिसांनी पाणी सांगितलंस तात्याला. त्या रानाला आठ दिस चालत न्हाईत, खालनं मुरूम हाय, पाणी ठरत न्हाय. म्हटलं, आता आपल्याला कोण इचारतंय."

 मला शरम वाटली, आणि रडूही येत होतं. भिंतीकडं तोंड करून ते काय बघत होते हे मला सहा आठवडे कळलं नव्हतं. मी गाडी बंद केली. पोर्चमध्ये शांत झालं. आबांचा श्वास आता वर-खाली होत होता. दमला असाल, चला आत, झोपा आता, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं. तक्त्यानुसार विश्रांतीची वेळही झाली होती.

"आबा," मी म्हणालो, "आत जायचं का अजून थांबायचं?"

 त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग पलीकडं फाटकाकडं. वॉकर थोडा उचलून नीट टेकवला.

"फाटकापतुर जाऊन यीन म्हणतो," ते म्हणाले.

मी वाटेतली गाडी बाजूला घेतली.